अप्पांची वाकडी हत्यारं

माझ्या हातून आयुष्यात एकच चोरी झाली, आणि ती मी लाल फीत बांधून, चाळीस माणसांना चहा पाजून केली. ज्याच्याकडे चोरी केली त्या माणसाने त्याच दिवशी सगळ्यांसमोर माझे आभार मानले. ते आभार अजून माझ्या छातीत रुतून बसलेत. म्हणून हे लिहायला घेतलं.

सिद्धाराम अप्पा म्हणजे घाटनांदूरच्या स्टेशन रस्त्यावरचे जुन्या गाड्यांचे मिस्त्री. वय एकाहत्तर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगावर शर्ट, ज्याचा मूळ रंग त्यांच्या बायकोला, शिवम्मांनाही आठवत नाही. नव्या गाडीला अप्पा हात लावत नाहीत. "तिला मिस्त्री लागत न्हाई, कॉम्प्युटर लागतंय," म्हणून परत पाठवतात. त्यांच्याकडे येतात त्या विलिस जीपा, आजोबांच्या वेळच्या फियाट, कुणाच्या तरी गोठ्यात वीस वर्षं कडब्याखाली पडलेली विलायती मोटार. अंबाजोगाईहून येतात, लातूरहून येतात. एक तर हैदराबादहून ट्रकवर बसून आली होती.

जुन्या विलायती गाडीचा नट हा फार हट्टी प्रकार. त्याचं माप ना मिलिमीटरात बसतं ना इंचात. मिळेल तो पाना लावून जोर केला की नटाचे कोपरे उडतात, मग बसा बोंबलत. शिवाय हे नट असल्या सांदीत बसवलेले, की सरळ पाना आत शिरतच नाही. म्हणून अप्पा आपली हत्यारं आपणच घडवायचे. कुठला पाना मधोमध काटकोनात वाकवलेला, कुठला अर्धा कापून त्याला सळई जोडलेली, कुठला घासून घासून पापडासारखा पातळ केलेला. काही तर ट्रकच्या कमानपाट्याच्या लोखंडातून अख्खेच्या अख्खे काढलेले. चाळीस वर्षांत अशी दीडशेच्या वर हत्यारं झाली होती. शेडच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेली असायची. प्रत्येकावर कानसीने ओढलेल्या तीन रेघा. कपाळावर तीन, हत्यारावर तीन. अप्पांची सही तीच.

हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. तिथेच तर गोष्ट बिघडली.

मी ऊसतोड बायकांची संघटना चालवते. शाळा सातवीपर्यंत, पुढचं शिक्षण सरकारी जीआर वाचून. माझा आवाज मोठा आहे, डोकं लवकर तापतं, आणि याबद्दल मी कुणाची माफी मागत नाही. संघटनेची जीप एका रिटायर फौजदाराने दिलेली, माझ्यापेक्षा वयाने मोठी. ती अकरा वर्षं चालली ती अप्पांच्या जिवावर. एकदा केजच्या रस्त्यात बंद पडली. आत सात बायका, तहसीलला अर्ज द्यायची शेवटची तारीख, आणि मी रस्त्यात उभी राहून जीपला लाथा घालत होते. अप्पा एसटीने आले. पिशवीत एकच वाकडं हत्यार. बॉनेटात हात घातला, दहा मिनिटांत जीप चालू.

"तू तिला शिव्या देतीस म्हणून ती रुसतीया बग," म्हणाले.

"मग तुमी काय दिलं अप्पा तिला?"

"मी तिचं ऐकून घेतलं."

अर्ज वेळेत गेला. त्या सात जणींना ओळखपत्रं मिळाली. अशा माणसासाठी आपण काहीतरी करावं, हे माझ्या मनात तेव्हापासून होतं. केलं ते हे असं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू पार पिकला होता. मीच त्यांना आणि शिवम्मांना अंबाजोगाईला नेलं. पुढचे आठ दिवस ती दोघं तिथेच, लेकीकडे राहणार होती. मी परत आले आणि ठरवलं, हीच वेळ.

तीस बायका गोळा केल्या. श्रमदान. शेडमधली कोळिष्टकं काढली, फरशी सोड्याने घासली, भिंतींना चुना मारला, ट्यूबलाइट बसवली. गावातून वर्गणी काढून मोठी लाल पेटी आणली, आत चकचकीत पान्यांचा अख्खा सेट. किराणा दुकानवाल्या बसप्पांनी सगळ्यात जास्त हात सैल सोडला, म्हणून पेटीच्या झाकणावर त्यांच्या नावाची पाटी. भिंतीवरची हत्यारं मी एक एक करून उतरवली. एकही सरळ नव्हतं. अर्धा कापलेला पाना हातात घेऊन मी बायकांना म्हटलं, "बघा गं, म्हातारं माणूस मोडक्या पान्यांवर दिवस काढतंय. आणि आपण याच्याकडून फुकटात जीप दुरुस्त करून घेतो." मला खरंच रडू आलं होतं. मग मी भंगारवाल्या गहिनीनाथला हाक मारली आणि तीन पोती त्याच्या हातगाडीवर चढवली.

विचारायला तिथे कुणी नव्हतं, हे खरं. पण मोबाइल माझ्या हातातच होता. विचारावं असं वाटलं नाही, कारण आपण चांगलं करतोय याची मला पक्की खात्री होती. ती खात्री असली की मी कुणालाच विचारत नाही.

अप्पा आले त्या दिवशी मी बॅनर लावला होता. 'अद्ययावत गॅरेजचे उद्घाटन.' चाळीस माणसं. अप्पा काळा चष्मा लावून जीपमधून उतरले. मी हाताला धरून आत नेलं. ट्यूबलाइट लावली. लोक टाळ्या वाजवायला लागले. अप्पा चालत सरळ मागच्या भिंतीपाशी गेले. त्यांनी हात वर केला, जसा रोज करायचे तसा, न बघता. हाताला नुसता चुना लागला. मग त्यांनी तळवा भिंतीवर टेकवला आणि तसाच ठेवला.

मला वाटलं, भरून आलंय.

मग ते वळले. सगळ्यांकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाले, "मुक्तानं लई केलं. पोटची पोर बी येवडं करीत न्हाई. तुमी सगळ्यांनी केलं. शरणार्थ." दोन्ही हात जोडले, फीत कापली, बसप्पांच्या पाठीवर थाप मारली, चहा घेतला. शिवम्मा कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

शेवटचा माणूस गेल्यावर अप्पांनी दाराचा एक पल्ला लावून घेतला आणि अगदी हळू विचारलं, "मुक्ता, भितीवरची हत्यारं कुठं ठिवलीस?"

"ती मोडकी? भंगारात दिली की अप्पा. आता नवी आलीत न्हवं."

अप्पा टायरवर खाली बसले. शिवम्मांचा बांध फुटला.

"मोडकी? आगं ती मोडकी न्हवती, मोडून केलेली व्हती! येका येका पान्याला धा-धा दिस दिलेत ह्या माणसानं. तुला कावून इचारावं वाटलं न्हाई गं? फोन हुता की तुज्यापशी!"

"जाऊ दे," अप्पा म्हणाले.

"काय जाऊ दे? ती मॉरिस काय दातानं कसायची हाय?"

ताडपत्रीखाली एक काळी मॉरिस उभी होती. अंबाजोगाईच्या रामेश्वररावांच्या वडिलांची. अप्पांनी ऑपरेशनच्या आधी तिचं इंजिन उघडलं होतं, भाग धुऊन ठेवले होते. रामेश्वरराव महिन्याने गाडी न्यायला येणार होते. वडिलांना नव्वदावं लागत होतं, त्या दिवशी त्यांना त्या गाडीत बसवायचं होतं. आणि अप्पांचा एकच ताठा साऱ्या तालुक्याला माहीत होता. उघडलेली गाडी त्यांनी आजवर कुणालाही उघडी परत दिली नव्हती.

मी तशीच पळत गहिनीनाथकडे गेले.

"पोती कुठायत?"

"ट्रक परवाच गेला ताई. जालन्याला. आत्तापतुर वितळून बी झालं असंल."

"तुला दिसलं न्हाई का रे ते काय हाय?"

"दिसलं की. मी म्हणणार बी हुतो. पण तुमी म्हणलात, उचल हे बिनकामाचं. आता तुमच्याशी हुज्जत कोण घालतंय? मागल्या टायमाला त्या सायबानं घातलती, त्याचं काय झालं ते अख्ख्या गावानं बघितलंय."

जालन्याला फोन लावले. तिथला माणूस हसला. रोज तिथे डोंगर वितळतो, त्यात तीन पोती कुठून शोधायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर गेले. जन्मात मी अनेक ठिकाणी धक्के खाल्ले, पोलिसांचे, पुढाऱ्यांचे. ताठ मानेने खाल्ले. इथे मी ज्याच्यावर ओरडावं असं कुणी समोर नव्हतं. माझ्यावर ज्याने ओरडायला पाहिजे होतं तोही ओरडत नव्हता. अप्पा बाहेर बाजेवर बसून होते.

"अप्पा, काय बी बोला. शिवी द्या. चाळीस माणसांत काल तुमी मला उघडी पाडली असती तरी चाललं असतं."

"कावून पाडायचं? तुजं नाव गेलं तर बायकांचं काम कोण करंल? हत्यारं गेली, तुजं नाव बी घालवायचं का संगं?" मग चष्मा सारखा करत म्हणाले, "आनि हे बग. हत्यार गेलं, माप कुठं गेलंय? माप नटात असतंय. जवर गाडी उभी हाय तवर माप हाय."

"मग करू या की परत!"

"डाक्टरनं म्हईनाभर धूर, जाळ, वाकणं समदं बंद सांगितलंय. मी भट्टीपशी जायचं न्हाई. तू करशील."

"मला कुठं येतंय?"

"भंगारात घालायला येतंय, तर घडवायला बी येईल. जा, शिवम्मा कणीक मळतीया, घिऊन ये."

मला वाटलं थट्टा करतायत. पण खरोखर कणीक होती, तेलात घट्ट मळलेली. मॉरिसच्या इंजिनाखाली मी आडवी झाले, सांदीत हात घालून नटावर कणकेचा गोळा दाबला, हलक्या हाताने काढला. अप्पांनी तो गोळा घेतला, खळग्यात अंगठा फिरवला, डोळे मिटले. "ह्याला पाना डाव्या अंगानं वाकवावा लागंल. मान आखूड पायजे. मागं पाइप हाय." गाडी वीस पावलांवर, माणूस बाजेवर, आणि त्याला पाइप दिसत होता.

लोखंड? अप्पांनी लाल पेटीकडे बोट केलं.

"अप्पा, त्यो बसप्पांच्या नावाचा सेट हाय."

"झ्याक लोखंड हाय गं त्याचं. पर लई सरळ हाय."

अप्पांनी कापलेली फीत अजून पेटीच्या कडीला लोंबत होती. त्याच पेटीतला पहिला पाना मी शिकंज्यात घट्ट आवळून कापला. नेमके तेव्हाच बसप्पा समोरून गेले. उभेच राहिले.

"मुक्ताताई, हे काय आरंभलंय? परवा दिला, आज करवत?"

"तुमच्या पान्याला आता कुठं किंमत याया लागली, बसप्पा," अप्पा बाजेवरून म्हणाले. "जरा खाली बसा अन् बगा."

बसप्पा बसले. मग रोज दुपारी दुकान मिटलं की येऊन बसू लागले, आणि माझ्या प्रत्येक चुकीला मान हलवू लागले.

भट्टीचं हवेचं चाक शिवम्मा फिरवायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं त्या नुसतं चाक फिरवतायत. पाना निखाऱ्यात होता. मी बाहेर काढायला सांडशी घातली, तर म्हणाल्या, "थांब. भोपळा झाला न्हाई अजून." मी थांबले. "आता. भोपळा झाला." पिकलेल्या लाल भोपळ्याच्या फोडीसारखा रंग आला होता. त्या रंगाला लोखंड मऊ वाकतं. कडक करायला पाण्यात बुडवायचं, म्हणजे पाणी द्यायचं, तेव्हा डाळिंबाचा दाणा. मग पुन्हा मंद आचेवर, जांभळाच्या सालीचा रंग चढेपर्यंत.

"अम्मा, तुमाला हे कुणी शिकवलं?"

"कोण शिकीवणार? पाच वरसं झाली, ह्येंना रंगच दिसत न्हवता. मी सांगायची अन् ह्ये ठोकायचे."

"खरं हाय," अप्पा बाहेरून म्हणाले. "डोळं गेल्यापसून माझी समदी हत्यारं तिच्या डोळ्यानं झाल्याती."

बायकांच्या न मोजलेल्या श्रमावर मी जिल्हाभर भाषणं ठोकत फिरते. अकरा वर्षं त्या शेडमध्ये चहा पीत होते. एकदाही विचारलं नाही की अम्मा, तुमी त्या चाकापाशी बसून काय करता?

पहिला पाना तुटला. पाणी दिल्यावर पुन्हा मंद आचेवर धरायचं असतं, मला तेवढा धीर निघाला नाही. नटावर लावला, जोर केला, कडकन दोन तुकडे. मी तुकडा भिंतीवर फेकून मारला. शिवम्मांनी तो शांतपणे उचलून आणला. "आपल्या घरचा चुना कावून उडवतीस?"

दुसऱ्याची भट्टी जमली, कानस चुकली. पान्याचं तोंड घासून अगदी नटाच्या मापाचं करायचं असतं. त्याआधी तो लाल करून दिवसभर राखेत पुरून ठेवायचा, म्हणजे मऊ पडतो आणि कानस लागते. अप्पा सांगत होते, "दोन हात मार अन् लावून बग. दोन हात मार अन् लावून बग." सारखं उठायचं, गाडीखाली शिरायचं, लावायचं, परत यायचं. माझ्या कपाळावरची शीर उडायला लागली. मी सलग वीस हात मारले. पाना ढिला झाला. आठ दिवसांची मेहनत, आणि नटावर तो नुसता गरगर फिरला.

अप्पांनी तो हातात घेऊन अंगठ्याने चाचपला. "तीन हात जास्ती," म्हणाले. मी मोजले नव्हते, त्यांनी ओळखले.

तिसरा बसला. बसला तेव्हा आवाज झाला नाही. नुसतं हाताला कळलं, की आता हा आणि नट एकच आहेत. मी गाडीखाली तशीच पडून राहिले. वर इंजिनाचं काळं पोट, पाठीखाली सोड्याने घासलेली ती फरशी, आणि डोळ्यांतून पाणी कानात शिरत होतं. बाहेरून बसप्पा विचारत होते, "बसला का? का ह्यो बी गेला?"

"बसला!" मी ओरडले. माझा आवाज मोठा आहे, तो त्या दिवशी स्टेशनपर्यंत गेला म्हणतात.

मॉरिसला सात हत्यारं लागणार होती. पुढची सहा शिवम्मांच्या रंगांवर आणि अप्पांच्या अंगठ्यावर झाली. संघटनेच्या बायका येऊन विचारायच्या, ताई मीटिंग कुठं घ्यायची? मी म्हणायचे, इथंच घ्या, मला कानस थांबवता येत नाही. मीटिंगा शेडमध्ये झाल्या. सहाव्याच्या वेळी मी पहिल्यांदा शिवम्मांच्या आधी म्हणाले, "भोपळा." त्यांनी नुसती मान डोलावली.

रामेश्वरराव ठरल्या दिवशी आले ते ट्रक घेऊनच. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, अप्पांची हत्यारं गेली, गाडी आता होणार नाही. पुण्याच्या कारखान्याशी बोलून ठेवलं होतं. त्यांचं काही चूक नव्हतं, वडील नव्वद वर्षांचे.

"अप्पा, मनाला लावून घेऊ नका. आता वय झालं. मी गाडी तशीच नेतो."

"एक नट ऱ्हायलाय," अप्पा म्हणाले. "चहा घ्या तवर."

तो एक नट सगळ्यात मागचा, पाइपाच्या पाठीमागचा. पहिल्यांदा कणीक दाबली होती तोच. मी डाव्या अंगाने वाकवलेला पाना आत घातला. कसला. अप्पा म्हणाले, "वाजव." मी पान्याने नटावर हलकेच टकटक केलं. ते मान तिरकी करून ऐकत होते. "आजून पाव." पाव फेरा दिला. "वाजव." वाजवलं. "बास. आता तिला सोड."

रामेश्वररावांनी पुढे हँडल घातलं आणि फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. एक खोकला. शिवम्मांचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. तिसऱ्यांदा फिरवलं आणि मॉरिस जागी झाली, आधी अडखळत, मग एका सुरात. बसप्पा टाळ्या वाजवायला लागले. शेड धुराने भरलं, तसं मी अप्पांना दंडाला धरून बाहेर ओढलं. डॉक्टरने धूर बंद सांगितला होता.

"अप्पा, तुमच्या हाताला तोड नाही," रामेश्वरराव म्हणाले.

"हात हिचे हायत," अप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "डोळं शिवम्माचे. माजं नुसतं त्वांड."

रामेश्वरराव मॉरिस चालवत अंबाजोगाईला गेले. ट्रक रिकामा मागून गेला.

मग अप्पांनी महिन्यात पहिल्यांदा कानस हातात घेतली. सातही हत्यारं मांडीवर ओळीने घेतली आणि एकेकावर तीन रेघा ओढल्या. मी तो ढिला झालेला पाना पुढे केला. तोही माझाच होता.

"ह्येला न्हाई," अप्पा म्हणाले. "ह्ये घाल भंगारात."

घातला नाही. माझ्या हापिसात अर्जांच्या गठ्ठ्यावर तो ठेवलाय, पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून. अर्ज घेऊन आलेली बाई विचारते, ताई ह्ये वाकडं काय हाय? मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि मी सांगते.

अप्पांचा डोळा आता उत्तम आहे. रंग त्यांना दिसतो. तरी पाना निखाऱ्यात घातला की ते शिवम्मांकडे बघतात, आणि त्या म्हणेपर्यंत बाहेर काढत नाहीत. रविवारी मी जाते. भिंतीवर आता एकतीस हत्यारं आहेत. लाल पेटीत तीनच सरळ पाने उरलेत. झाकणावरची पाटी मात्र बसप्पा स्वतः येऊन पुसून जातात.

आणि गहिनीनाथ. त्याची हातगाडी हल्ली स्टेशनकडे जाण्याआधी शेडपाशी थांबते. तो पोत्यातून काहीतरी काढतो, वर धरतो आणि रस्त्यातूनच ओरडतो, "अप्पा, ह्ये मोडकं हाय, का मोडून केल्यालं?"